दाजींनी पळवलेली फिन

माननीय दाजींच्या चरणी,

खिडकीकडच्या शेवटून दुसऱ्या बाकावरून सक्रोध नमस्कार. विनंती काही नाही; विशेष मात्र पुष्कळ आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत (माझा उजवा खांदा, डावा गुडघा आणि दोन्ही कान सोडून). आपल्याकडची खुशाली कळवावी असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. न कळवल्यास माझं काही अडणार नाही. धाकटीला अनेक आशीर्वाद. तिच्या पाठीचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा आहे. आपलं कुठलंही दुखणं कमी झालं नसेल अशीही आशा आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे आपण यजमान, म्हणजे नात्याने मानाचे, म्हणून वरच्या ओळींत 'आपण' घातलं. मान संपला. इथून पुढे तुझ्याशी बाकावरचा माणूस बोलतो आहे, आणि त्याचं म्हणणं असं की तू चोर आहेस. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर 'आवाज तुटतोय' म्हणून ठेवतोस. (आवाज तुटत नव्हता. मागे धाकटी भांडी लावत होती, तिचा वाटीवर वाटी ठेवल्याचा आवाजसुद्धा मला स्वच्छ ऐकू येत होता.) म्हणून पत्र. पत्र ठेवून देता येत नाही. ते समोर पडून राहतं आणि माणसाकडे बघत बसतं. बघू दे.

आता चोरी कसली, ते तुला ठाऊक असूनही सांगतो, कारण आरोपीला आरोप वाचून दाखवावा लागतो. आपण दोघांनी मिळून घेतलेली ती लाटेवरची फळी, निळी, माझ्याहून लांब आणि तुझ्याहून जड, तिच्या पोटाखाली शेपटीकडे एक खाच आहे. त्या खाचेत काळ्या प्लास्टिकची एक फिन बसते, माशाच्या पाठीवरच्या परासारखी. ती असली की फळी सरळ जाते. ती नसली की फळी पाण्यावर गिरक्या घेते आणि वरचा माणूस पाण्यात. ती फिन तू इथून जायच्या आदल्या संध्याकाळी स्क्रू फिरवून काढलीस, टॉवेलात गुंडाळलीस, बॅगेत घातलीस आणि दुसऱ्या दिवशी मला मिठी मारून 'जपून रे' म्हणालास. जपून! बॅगेत माझं सुकाणू, आणि तोंडात जपून!

या सगळ्या उद्योगाचं मूळ कुठे आहे ते आठव. मूळ समुद्रात नाही, कवितेच्या तासात आहे. ती नावाड्याची कविता. पहिल्या दोन कडव्यांत तो बिचारा सुखरूप असायचा, तिसऱ्यात वादळ यायचं आणि त्या वादळात आपल्या दोघांची स्मरणशक्ती वाहून जायची. मास्तर पुस्तकातून डोळे न काढता म्हणायचे, "दोघेही, बाकावर." आणि आपण दोघं कान धरून बाकावर. आपल्या बाकाचा एक पाय आखूड होता. तू उजवीकडे कललास की मी डावीकडे कलायचं, मला शिंक आली की तू गुडघे वाकवायचे. बाक डुगडुगायचा पण कधी पडला नाही, आणि आपणही नाही. खिडकीतून वारा यायचा, वर्ग पुढचं कडवं म्हणत असायचा, सगळे एका सुरात, आणि वरून सगळ्यांच्या भांगांच्या रेषा दिसायच्या. काय दिवस होते ते! शिक्षा म्हणून त्या मास्तरांनी आपल्याला अख्ख्या शाळेतली सर्वांत चांगली जागा दिली होती आणि त्यांना ते कधी कळलं नाही.

तर त्या भांडवलावर, म्हातारपणी, समुद्रकाठच्या दगडी कठड्यावर बसून आपण लाटांवर उभी राहणारी ती माणसं बघत होतो तेव्हा तूच, लक्षात घे, तूच म्हणालास, "हे तर आपलंच काम. नुसतं उभंच तर राहायचंय." मी नाही म्हणालो. मी कवितेतला माणूस; मला समुद्र काठावरून पुरतो. पण तू म्हणालास की आपल्याइतका फळीवर उभं राहण्याचा अनुभव या किनाऱ्यावर कुणालाच नसेल, आणि हे ऐकल्यावर मलाही खरंच वाटलं की नसेल. जगात दुसऱ्या कुणीही शाळेतल्या शिक्षेवर विसंबून समुद्रात उडी घेतली नसती. आपण घेतली. एकदा लाटेवर उभं राहायचं, दोघांनी एकमेकांच्या देखत, मग मेलो तरी चालेल असं ठरलं. (मरण्याचा भाग नंतर धाकटीच्या कानावर गेला आणि तिथूनच बिनसलं. पण ते पुढे.)

आधी जमिनीवर सराव करायचा म्हणून स्केटबोर्ड घ्यायचं हीही तुझीच अक्कल. खेळाच्या दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं, "नातवासाठी का?" आणि तू सरळ चेहऱ्याने म्हणालास, "नाही, माझ्या मेहुण्यासाठी. लहान आहे अजून." त्याने मग मापाचं हेल्मेट दाखवताना माझ्याकडे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या हेल्मेटची हनुवटीखालची क्लिप माझ्या मानेच्या कातडीत अडकली, गुडघ्यांना बांधायच्या त्या वाट्या चालताना घोट्यापर्यंत घसरायच्या, आणि कोपरांना बांधायच्या वाट्या तू गुडघ्यांना बांधल्यास म्हणून तुझे पाय वाकेनात आणि माझे सरळ होईनात. अशा थाटात आपण माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या बोळात सुरुवात केली. बोळाला उतार आहे हे तीसेक वर्षं तिथे दुकान चालवूनही मला माहीत नव्हतं. चाकांना माहीत होतं. तू मागून हलकेच ढकललंस (हलकेच, हा शब्द तुझा), आणि मी मागच्या दाराने दुकानात, पडद्यातून डोळे तपासायच्या खोलीत. तिथे आमचे चिरंजीव एका बाईंना समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचायला सांगत होते. मी बाई आणि तक्ता यांच्या मधून गेलो. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता मधेच एक म्हातारा दिसला. हा नंबरचा दोष का?" चिरंजीवांनी त्यांना सांगितलं की दोष आहे, पण डोळ्यांत नाही, घराण्यात आहे. त्या दिवसापासून मला स्वतःच्या दुकानात मागच्या दाराने यायला बंदी आहे. जे दुकान मी उभं केलं त्या दुकानात! आणि तू बोळात उभा राहून पोट धरून हसत होतास. तेही लिहून ठेवतो.

त्यानंतर समुद्र. समुद्राबद्दल माझी तक्रार नाही. तो जसा कवितांत असतो तसाच आहे, फक्त थंड आणि नाकात जाणारा. माझी तक्रार त्या रबरी सुटाबद्दल आहे. ज्या कुणी तो शोधून काढला त्याने माणूस आधी पाहिला नसावा, सापाची कात पाहिली असावी. त्यात शिरायला मला आणि हिला (म्हणजे आमच्या सौ.ला) अख्खी सकाळ लागली. ही एक पाय पलंगाला टेकवून सूट ओढत होती आणि म्हणत होती, "उभं राहायला समुद्र कशाला लागतो तुम्हाला? ओट्यापाशी उभे राहा की माझ्याबरोबर." मी तिला म्हटलं, यात काव्य आहे. ती म्हणाली, "आधी हात बाहेर काढा." आत गेल्यावर कळलं की चेन पुढे आली आहे, म्हणजे ती मागे असायला हवी होती. तुझा तर पोटावर बसेचना. तू श्वास सोडलास, आम्ही दोघांनी चेन ओढली, आणि मग दिवसभर तू अर्ध्या श्वासावर बोलत होतास. त्या दिवसाइतका तू कमी बोललेला मला आठवत नाही. सूट चांगला आहे, असं मी तेव्हा म्हणालो होतो ते त्यासाठी.

लाटमास्तर आठवतो ना? फळीवर उभं राहायला शिकवणाऱ्या पोराला आपणच ठेवलेलं नाव. उन्हाने रापलेला, केस मिठाने राठ, आणि वय इतकं कमी की त्याने 'काका' म्हटलं की मला 'आजोबा'ची सूट मिळाल्यासारखं वाटायचं. त्याची पहिलीच अट: साठीच्या पुढच्या माणसाने पाण्यात एकटं जायचं नाही, जोडीदार पाहिजे. तू छाती पुढे काढून म्हणालास, "मी आहे." (छाती नव्हे, पोट, पण हेतू छातीचा होता.) मग वाळूवर फळी ठेवून पालथं पडायचं, हात बरगड्यांपाशी, आणि एका झटक्यात उभं राहायचं. तो झटका लाटमास्तरच्या वयात एक असतो. आपल्या वयात तो हप्त्याहप्त्याने येतो. आधी एक गुडघा, मग विचार, मग दुसरा गुडघा, मग 'अगं आई गं', मग उभं. तोवर लाट काठाला लागून, वाळूत मुरून, पुन्हा समुद्रात जाऊन दुसऱ्या लाटेबरोबर परत आलेली असते. तरी तू धीर देत होतास. मी पडलो की म्हणायचास, "मगाचपेक्षा बरा पडलास." खोटं होतं ते, पण ऐकायला बरं वाटायचं.

आणि मग तो दिवस. काय झालं होतं? मी एका लाटेखाली गेलो, जरा जास्त वेळ खाली राहिलो, जरासं पाणी प्यायलो आणि वर आलो. बस्स! लाटेखाली माणूस जातोच. वर आलो तर तू कमरेएवढ्या पाण्यात पांढरा फटक पडून उभा, माझ्या घोट्याला बांधलेली फळीची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी खोकत होतो आणि रडत तू होतास. मी म्हटलं, अरे मी आहे. तू म्हणालास, "गप बस." त्यानंतर आठवड्याभरात धाकटीने जाहीर केलं की आता मुलाकडे राहायला जायचं, जिथे पाणी फक्त नळाला येतं. आणि तू 'हो' म्हणालास. माझ्याकडे न बघता 'हो' म्हणालास. ज्या माणसाने अख्ख्या वर्गासमोर माझ्याबरोबर कान धरले, तो एका लाटेला भ्याला!

असो. मी भ्यालो नाही. मी एकटा जाऊ लागलो. (लाटमास्तरची अट मी अशी पाळली की त्याचा वर्ग चालू असेल त्याच्या शेजारी, कमरेएवढ्या पाण्यात, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा पोहायचं. तो लांबून ओरडायचा, "काका, जोडीदार कुठाय?" मी लांबूनच कुठल्याही डोक्याकडे बोट दाखवायचो.) आणि दाजी, मी पडलो. पडणं मला नवीन नाही, पण हे पडणं वेगळं होतं. लाट आली की फळी किनाऱ्याकडे निघायची, क्षणभर बरी चालायची आणि मग अचानक ताकाच्या भांड्यातल्या रवीसारखी फिरायची. मी किनाऱ्याकडे तोंड करून उठायला लागायचो आणि उठेपर्यंत क्षितिजाकडे तोंड झालेलं असायचं. मग मी, फळी, दोरी आणि फेस, यांतलं कोण कुठे ते समुद्रालाही कळायचं नाही.

आता माझ्या मनाचा मोठेपणा बघ. मी फळीला दोष दिला नाही. तुला तर नाहीच. मी दोष दिला भुजंगप्रयाताला! होय. हात मारायला ठेका लागतो म्हणून मी मनात लगागा लगागा म्हणत पोहत होतो. मला वाटलं, हे वृत्तच सापाच्या चालीचं, वळणं घेणारं, मग फळी वळणारच. म्हणून ते सोडलं आणि मंदाक्रांता धरलं. ते इतकं संथ की चार गुरू होईपर्यंत लाट डोक्यावरून गेली. मग शार्दूलविक्रीडित, त्यात वाघ खेळतो म्हणतात. माझ्याशी खेळला. शेवटी मालिनी सापडलं. सुरुवातीला सहा लघू, म्हणजे सहा हात पटपट, आणि मग दोन गुरू, म्हणजे उठायचं. इतकं बेतशीर जमलं होतं रे! सहाही लघू अचूक पडायचे. पहिला गुरू यायचा, मी छाती उचलायचो, आणि फळी गर्रकन आडवी. कितीतरी सकाळी मी थंड पाण्यात बसून त्या निरपराध वृत्तांना शिव्या घातल्या. मास्तरांनी इतक्या प्रेमाने शिकवलेली वृत्तं! ज्यांनी मला आयुष्यभर सांभाळलं, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी सोबत केली, त्यांना मी तुझ्या एका फिनेपायी वाटेल ते बोललो. याची भरपाई तू कशी करणार?

आणखी एक विचार केला: पाय घसरतो म्हणून होत असेल. म्हणून एका संध्याकाळी फळीची वरची बाजू दुकानातल्या काचा पुसायच्या पाण्याने आणि पिवळ्या मऊ फडक्याने लख्ख केली. चार पिढ्यांचे चष्मे पुसलेला हात माझा. फळीत तोंड दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर छाती ठेवली आणि पलीकडच्या बाजूने पाण्यात उतरलो. नंतर कळलं की पाय धरून राहावा म्हणून त्यावर जे मेण चोळलेलं असतं ते मी पुसून काढलं होतं. ज्या स्वच्छतेवर माणसाने जन्म काढला त्याच स्वच्छतेने त्याला बुडवावं, यात काव्य आहे, पण पाणी नाकात असताना ते सुचत नाही.

चष्म्याचं तर विचारू नकोस. एक समुद्राने नेला. दुसरा दोरीने बांधून गेलो तर दोरी राहिली, चष्मा गेला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण चष्मे विकतो. समुद्रात वाटत नाही." आता बिनचष्म्याने जातो. बिनचष्म्याने समुद्र फार सुंदर दिसतो, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा, कडा नसलेला. माणसंही कडा नसलेली. परवा मी बाहेर बघितलं तर किनाऱ्यावर तू उभा. तीच निळी टोपी, तेच पोट, तीच न हलता बघत राहायची तऱ्हा. मी हात केला. तू काही केलं नाहीस. मी म्हटलं, अजून रुसलाय. मी पुन्हा हात केला, मग हाका मारल्या, मग फळी टाकून कडेला आलो. तो कचऱ्याचा डबा होता. निळ्या झाकणाचा. बरं, त्याने उत्तर दिलं नाही, त्यामुळे अगदी जवळ येईपर्यंत माझा समज पक्काच होत गेला. अपमान माझा झाला की डब्याचा, ते तू ठरव.

त्याच सकाळी मी रागारागाने फळी ओढत नेत होतो, पालथी, पोट वर करून, कारण तिला सरळ धरायची माझी इच्छा राहिली नव्हती. लाटमास्तर समोरून आला आणि थांबला.

"काका, फिन कुठाय?"

"काय?"

"फिन. खालची. ही बघा खाच. रिकामी आहे."

मी म्हटलं, "ती पाणी निघून जायला ठेवलेली आहे." (मला खरंच तसं वाटत होतं. मी दर वेळी तिच्यातून पाणी नीट निथळू देत असे.)

तो खाली बसला. हसला नाही, हसला असता तर मी फळी त्याच्या डोक्यात घातली असती. त्याने खाचेत बोट घालून मला दाखवलं की स्क्रू कुणीतरी काढून, पुसून, परत जागेवर फिरवून ठेवला आहे. "पडलेली नाही ही, काका. काढलीय. नीट काढलीय." आणि मला क्षणात कळलं. जगात स्क्रू काढल्यावर पुसून परत जागेवर लावणारा माणूस एकच आहे. शाळेत दौतीचं झाकण लावल्याशिवाय जो बाकावर चढायचा नाही!

मग मी धाकटीला फोन केला. तुला नाही, तिला. तिने आधी काही कबूल केलं नाही. मग म्हणाली, "दादा, मला ओरडू नकोस. मी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यांना वाटलं, ती वस्तू नसली की तुला पाण्यात जाताच येणार नाही. घरी बसशील." मी विचारलं, आता कुठे आहे ती. ती म्हणाली, "असते त्यांच्या हातात. खिडकीत बसतात ती घेऊन. टीव्ही लागला तरी बघत नाहीत. मी विचारलं हे काय खेळणं, तर म्हणतात, राहू दे."

राहू दे! माझी फिन, आणि राहू दे! अरे, वाचवायची तर डोक्याने वाचव. फिन काढली की माणूस पाण्यात जात नाही, हे तुला कुणी सांगितलं? माणूस पाण्यात जातोच. फक्त फळी त्याला घेऊन जात नाही. तू मला बुडण्यापासून वाचवायला निघालास आणि तुझ्यापायी मी पूर्वी पीत होतो त्याच्या दुप्पट समुद्र प्यायलो. आणि एवढी भीती होती तर तोंडाने बोलायचं होतंस. म्हणायचं होतंस की मला तुला बुडताना बघवत नाही. मी चिडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि पाचव्या दिवशी त्याच कठड्यावर येऊन बसलो असतो. पण नाही! कविता अडली की जसा खिडकीबाहेर बघायचास तसाच बघत राहिलास, आणि स्क्रू फिरवलास. शाळेत मात्र निदान माझ्या शेजारी उभा होतास.

जास्त लिहीत नाही. अक्षर बिघडलं आहे. रागाने, वयाने नव्हे. तुझा रबरी सूट इथेच न्हाणीघरात खुंटीला टांगलेला आहे. दर आठवड्याला गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवतो, नाहीतर रबर कडक होतं. यात माया समजू नकोस, वस्तूची निगा आहे. ही म्हणते, रात्री दिवा लावला की तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी म्हटलं, कुणी नाही, नुसतं कातडं आहे.

माझी वस्तू मला परत हवी. बाकी आपलं काही देणंघेणं नाही.

तुझा, नाइलाजाने,
मेहुणा

ता.क. हे पत्र धाकटीला वाचून दाखवू नकोस. 'चोर' हा शब्द तर मुळीच नको. फोनवर मी तुझ्यासाठी याहून वाईट शब्द वापरला होता. तिला वाटेल दादा नरमला.

ता.क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली नाही, टाळली.) लाटमास्तरकडे अशा फिनांचं खोकं भरून पडलेलं आहे. त्याने त्याच सकाळी त्यातली एक माझ्या खाचेत बसवून दिली, पैसे घ्यायला नको म्हणाला, आणि मी तसाच पाण्यात गेलो. त्या दिवशी कुठलंच वृत्त म्हटलं नाही. रागात आठवलंच नाही. लाट आली, फळी सरळ निघाली, आणि माझ्या कानात फक्त मास्तरांचा आवाज आला, पुस्तकातून डोळे न काढता: "बाकावर." मी उभा राहिलो. उभा, अगदी उभा, गुडघे वाकवून, थेट काठापर्यंत. भांगांच्या रेषांसारखा फेस दिसत होता खाली. उतरलो आणि सवयीने उजवीकडे, तुझ्या बाजूला, बघितलं. उजवीकडे एक बाई कुत्र्याला हाका मारत होती. लाटमास्तरची पाठ होती. कचऱ्याचा डबा होता, पण त्याची साक्ष कोण मानणार? घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता डोकं पुसा." म्हणून मी परत गेलो, ती फिन काढायला लावली आणि खोक्यात टाकून आलो. लाटमास्तर म्हणाला, "काका, आता तर जमलं होतं!" त्याला काय सांगू? बाक अर्धा रिकामा असला की उभं राहणं म्हणजे नुसती शिक्षा. तेव्हा ते उभं राहणं धरायचं नाही. झालंच नाही असं समज. मी अजून एकदाही उभा राहिलेलो नाही.

ता.क. फिन पोस्टाने पाठवू नकोस. कुरिअरनेही नको. हल्ली वस्तू फार गहाळ होतात. कुणीतरी हातात घेऊन यावी लागेल. तुझा सूट मी पोटापाशी थोडा सैल करून आणला आहे. शिंप्याला वाटलं माझाच आहे, मी वाटू दिलं.

ता.क. सुरुवातीला 'विनंती काही नाही' असं लिहिलं आहे. ती ओळ शाईने लिहिलेली असल्यामुळे खोडली तर पत्र घाण दिसेल, म्हणून तशीच ठेवली. तू ती खोडलेली आहे असं समजून वाच.